लाल ठिपक्याचं वजन

अप्पांनी टाकलेली ती जादा मूठ मला दिसली ती चपलेमुळे.

सकाळचे दहा वाजले असतील. बार्शीच्या बाजारात भर रस्त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. समोरच्या चांभाराकडं ती टाकली आणि एका पायानं लंगडत मी शेटेअप्पांच्या किराणा दुकानात शिरले. दाराशी तेलाचे डबे एकावर एक रचलेले होते, त्यांच्या आड शेंगदाण्याचं पोतं. त्यावर टेकले. अप्पांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते माझ्याच यादीतला माल काढत होते. यादी मी सकाळी देऊन जायची आणि संध्याकाळी बांधलेले पुडे घेऊन जायची, अशी आमची चार वर्षांची पद्धत होती.

अप्पांनी एका पारड्यात किलोचं वजन टाकलं, दुसऱ्यात तूरडाळ. काटा मधोमध येऊन थांबला. डाळ कागदात ओतली. मग त्यांनी दुकानाच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं, पोत्यात हात घातला आणि मूठभर डाळ वरून पुड्यात सोडली. दोरा गुंडाळला आणि पेन्सिलीनं लिहिलं, ‘हिंगमिरे’.

हिंगमिरे म्हणजे आम्हीच. मग साखर. काटा मधोमध, कागद, इकडंतिकडं बघणं, एक मूठ. मग रवा. तेच.

त्यानंतर त्यांनी आमच्या शेजारच्या नलूवहिनींची यादी घेतली. काटा मधोमध, कागद, दोरा. मूठ नाही. मग गल्लीतल्या आणखी एकीची. तिलाही नाही.

दुसऱ्या कुठल्या बाईला आनंद झाला असता. मला संशय आला. वाण्यानं न मागता जास्त द्यावं आणि तेही चोरून द्यावं, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मी तर वाण्याचीच मुलगी.

सावरगावात आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, दुकान होतं. एक खण, एक फळी, एक तराजू. गावातल्या बायका मजुरीची ज्वारी पदरात बांधून आणायच्या आणि ती देऊन चहा, साखर, गूळ न्यायच्या. त्यांच्यातली एक धोंडामावशी मला अजून दिसते. आली की माझ्या हातावर हुरडा ठेवायची, आणि ज्वारी तोलून झाली की कपाळाला आठ्या घालायची. “घरनं दोन किलो भरून आणली हुती की! हितं येस्तवर कमी कशी व्हती?” दादा हसायचे. “वाटेत चिमण्यांना टाकली असशील.” दुकानातले सगळे हसायचे. मीही हसायची. धोंडामावशीला मोजता येत नाही, हा आमच्या घरातला नेहमीचा विनोद होता.

दादा गेले, भावांनी दुकान मोडलं. कुणी घर घेतलं, कुणी रान. मला विचारलं तेव्हा मी फक्त तराजू मागितला आणि त्याच्याबरोबरचं किलोचं एक वजन. त्या वजनावर तांबड्या रंगाचा ठिपका होता. दिवाळीत दादा त्याची पूजा करायचे आणि एरवी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. भाऊ हसले. मी मात्र ते वजन लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीनं बार्शीला आणलं. माझ्यासाठी दादा म्हणजेच ते वजन होतं.

तेव्हापासून बाहेरून आलेली वस्तू तोलल्याशिवाय मी डब्यात भरली नाही. आमचे हे एसटीच्या डेपोत स्टोअरला होते. पगार बेताचा, पोरं दोन, सासूबाईंचं औषधपाणी. त्यामुळं काटकसर हा माझा धर्मच झाला होता. सगळं किलोत घ्यायचं, पावशेर-पावशेर घेण्यात वाण्याचं भलं. चहा सुटा घ्यायचा आणि जिभेवर टाकून बघायचा. साबणाची अख्खी वडी आणून घरी दोऱ्यानं कापायची. भाजी बाजार उठताना घ्यायची. गल्लीतल्या बाराही घरांना माझा शब्द म्हणजे छापील कागद. “प्रमिलाताई कुठनं घेतात?” एवढंच विचारायचं आणि तिकडं वळायचं. माझ्या पायी दोन वाण्यांची बारा बारा गिऱ्हाइकं तुटली होती. दोघांचाही माल मूठभर कमी भरायचा, आणि दोघंही वर तोंड करून भांडायचे.

शेटेअप्पा भांडले नाहीत. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा त्यांच्याकडून साखर आणली, तीही कमी भरली. मी पुडा आणि माझं वजन दोन्ही घेऊन गेले आणि भरल्या दुकानात फळीवर आपटले.

“किलो म्हणून दिलीत ना? तोला ह्याच्यावर.”

अप्पा तेव्हा साठीचे असतील. कपाळाला विभूती, बोलणं कमी. त्यांनी साखरेला हात लावला नाही. माझं वजन उचललं, तळहातावर जरा झुलवलं, उलटं केलं, ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

“कुठलं हे, ताई?”

“माझ्या वडलांचं. सावरगावच्या दुकानातलं. त्यांनी आयुष्यात कुणाला दाणाभर कमी दिलं नाही.”

अप्पा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी पोत्यातली मूठभर साखर माझ्या पुड्यात टाकली आणि म्हणाले, “माझ्याच हाताची चूक झाली असंल.”

चूक कबूल करणारा वाणी मी पहिल्यांदाच बघत होते. दुसऱ्या दिवशी मी बाकी अकराही घरांना सांगितलं, आता इथंच. त्यानंतर अप्पांचा माल माझ्या तराजूवर कधी कमी भरला नाही. माझा बरोबर म्हणजे सगळ्यांचा बरोबर, म्हणून बाकीच्यांनी कधी तोलला नाही. मला वाटत होतं, मी माणसाला वळण लावलं.

आणि आता ही मूठ!

चप्पल घेऊन मी गुपचूप मागच्या मागं घरी आले. संध्याकाळी पुडे आणले, जेवणं आटोपल्याबरोबर तराजू टांगला. तूरडाळ ठेवली. आता पारडं खाली जाणार, मूठभर जास्त भरणार, म्हणून बघत बसले.

काटा मधोमध.

साखर. मधोमध. रवा. मधोमध.

“काय चाललंय?” ह्यांनी वर्तमानपत्रातून मान काढली. मी सगळं सांगितलं.

“मग बरोबरच आहे की. किलोला किलो.”

“अहो, बरोबर कसं? त्यांच्या काट्यावर किलो झाल्यावर वर मूठ टाकली. मग माझ्याकडं मूठभर जास्त भरायला नको?”

“हं.”

“मूठ टाकून किलो होतं, म्हणजे मूठ टाकायच्या आधी ते किलोच नव्हतं! त्यांचं वजन खोटं आहे. मी तोलते हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून मला तेवढं भरून देतात. बाकी अकरा घरांना चार वर्षं लुबाडतायत. आणि मीच त्यांना तिकडं पाठवलं!”

ह्यांनी चष्मा काढून पुसला. स्टोअरमधली माणसं उगाच घाई करत नाहीत. “एकदा अप्पांनाच विचार.”

“चोराला विचारू, तू चोर आहेस का म्हणून?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग लुबाडणुकीचा नव्हता, तो माझ्या नावाचा होता. अप्पांनी मला पुढं करून अकरा घरं खाल्ली होती.

सकाळी मी नलूवहिनींकडं गेले. त्यांचे पुडे अजून सोडलेले नव्हते. तराजू खुंटीला अडकवला, लाल ठिपक्याचं वजन टाकलं. डाळ कमी. साखर कमी. अंदाजे एक मूठ. नलूवहिनींनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! आणि हा माणूस गळ्यात लिंग घालून फिरतो!”

दुपारपर्यंत मी आणखी सात घरं फिरले. कुणाचा रवा, कुणाची हरभराडाळ. सातही घरी कमी, आणि सगळीकडं सारखंच कमी. मला आठवतं, प्रत्येक घरी मालाचं पारडं वर गेलं की मला एक प्रकारचा आनंद व्हायचा. आता सांगायला लाज वाटते, पण व्हायचा.

चार वाजता आम्ही नऊ जणी अप्पांच्या दुकानावर गेलो. प्रत्येकीच्या हातात पुडा, माझ्या पिशवीत वजन. दुकानात गिऱ्हाइकं होती, रस्त्यावरची माणसं थांबली. हे मला हवंच होतं.

“अप्पा, काल माझ्या डाळीत मूठ का टाकलीत?”

अप्पांचा हात पोत्यातल्या पोत्यात थांबला.

“बघितलंत व्हय?” ते हळूच म्हणाले.

“बघितलं. घरी तोललंही. आणि ह्या सगळ्यांचंही तोललं. सगळ्यांचं मूठभर कमी. चार वर्षं तुम्ही माझ्या एकटीचं तोंड बंद करत होता.”

“तसं न्हाई, ताई.”

“मग कसं?”

अप्पांनी एकदा बायकांकडं बघितलं, एकदा माझ्या पिशवीकडं. मग म्हणाले, “तुमी जरा आत या. तुमच्या एकटीसंगं बोलतो.”

“एकटीशी कशाला? जे काय ते सगळ्यांसमोर.”

“बरं, मग असं करू. ह्या समद्यांना मी आत्ता भरून देतो. किलोमागं एक मूठ. पुढंबी देत जाईन. झालं न्हवं?”

“बघा! कबूल झाला!” नलूवहिनी ओरडल्या.

मला मात्र तेवढ्यानं समाधान नव्हतं. चोरी पकडली म्हणजे ती शिक्क्यानिशी पकडायची, असा माझा बाणा. मी हात घालून अप्पांच्या पारड्यातलं किलोचं वजन स्वतः उचललं. “चला पोस्टात. सरकारी काट्यावर ठेवू. म्हणजे कुणी म्हणायला नको.”

पोस्ट चार दुकानं सोडून होतं. अप्पा फळीवरून खाली उतरले. त्यांना मी कधी फळीवरून उतरलेलं पाहिलं नव्हतं. “न्या की. माजं न्या,” ते म्हणाले. “पर तुमचं हितंच ठिवा, ताई. तुमचं कशाला नेता?”

“का? माझ्या वजनाची भीती वाटते?”

“मी हात जोडतो तुमाला.” आणि खरोखरच त्या म्हाताऱ्या माणसानं भर रस्त्यात हात जोडले. “माजं एकट्याचं तोला. त्यात खोट निघाली तर उद्याच्याला दुकानाला कुलूप लावतो.”

हात जोडणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं मला तेव्हा वाटायचं. मी पिशवी छातीशी धरली आणि चालू लागले.

पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बनसोडे म्हणून कारकून होते. आमची वरात बघून म्हणाले, “बाई, इथं पार्सलं तोलतात, भांडणं नव्हे.” पण त्यांचं घरही अप्पांच्याच मालावर चालायचं. नलूवहिनींनी दोन वाक्यांत सगळं सांगितल्यावर त्यांनी मुकाट्यानं काटा पुढं ओढला.

आधी अप्पांचं वजन ठेवलं. समोर सरकारी किलो. काटा हलला, डुलला आणि मधोमध थांबला. बनसोड्यांनी बोटानं पारडं दाबून सोडलं. पुन्हा मधोमध.

“बरोबर आहे. शिक्का यंदाचा आहे,” बनसोडे म्हणाले.

बायका माझ्याकडं बघू लागल्या. माझं डोकं अजून संशयातच फिरत होतं. काट्यात काही असेल का? बनसोडे त्यांच्यातलेच का? वजन तर मी माझ्या हातानं उचललेलं! मग ते खोटं निघत कसं नाही?

“आता तुमचं ठेवा की, ताई,” नलूवहिनी म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या खरंच साध्या होत्या.

मी पिशवीतून वजन काढलं. अप्पा दाराशी उभे होते, ते बाहेर बघू लागले. बनसोड्यांनी वजन पारड्यात ठेवलं आणि पारडं खाडकन खाली बसलं. त्यांनी दुसऱ्या बाजूला वीस ग्रॅमचं टाकलं. हललं नाही. आणखी वीसचं टाकलं. तेव्हा काटा मध्यावर आला.

“एक किलो चाळीस,” बनसोडे म्हणाले.

 खिडकीमागं शिक्के मारायचा आवाज चालू होता. नऊ बायका एका लोखंडाच्या तुकड्याकडं बघत उभ्या होत्या आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

अप्पा पुढं आले. त्यांनी माझं वजन पारड्यातून उचललं, तळाची बाजू हाताखाली धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “जुनं हाय. गंज चढलाय किती बगा की. गंजानं वाढतं वजन. ताईंची काय चूक न्हाई ह्यात.”

“तरीच!” नलूवहिनी सुटल्यासारखं म्हणाल्या. “गंज हो! मी पण म्हणतेय.” सगळ्याजणी गंज-गंज करत बाहेर पडल्या. जाता जाता दोघीतिघींनी अप्पांना नमस्कार केला. अप्पांचं दुकान वाचलं आणि माझी अब्रूही त्यांनीच वाचवली.

रात्री ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. “गंजानं?” हे म्हणाले. “गंजानं लोखंड झिजतं, प्रमिला. आमच्याकडं गंजलेले नटबोल्ट वजनाला...” आणि मध्येच माझ्या तोंडाकडं बघून थांबले. “असेल, असेलही,” म्हणाले आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात सामसूम असताना मी एकटी गेले. पिशवीतलं वजन फळीवर ठेवलं, पण या वेळी आपटलं नाही.

“गंज नाही ना हा, अप्पा?”

अप्पांनी वजन उलटं केलं. तळाच्या खळगीत शिसं असतं, त्यावर सरकारी शिक्का मारतात. त्यांनी नखानं त्यावर टकटक केलं. “हे शिसं बगा. शिक्का हाय का कुठं? खळगी भरून वर आलंय. मागनं ओतलेलं हाय हे.”

“कशासाठी?”

त्यांनी वजन पुन्हा सरळ ठेवलं. मला हे बोलायला लावू नका, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. पण माझा स्वभाव. “सांगा, अप्पा.”

“दुकानात दोन वजनं असायची, ताई. एक द्यायचं, एक घ्यायचं. बाया ज्वारी घिऊन यायच्या न्हवं का? तवा हे घ्यायचं पारड्यात पडायचं. अदलाबदल हू नये म्हून ठिपका.”

बाहेरून एक टांगा गेला. त्याच्या घुंगरांचा आवाज संपेपर्यंत मी त्या ठिपक्याकडं बघत राहिले.

“आमचे दादा असे नव्हते,” मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

“माजे वडीलबी तसे नव्हते,” अप्पा म्हणाले. “माळकऱ्यावानी माणूस. अंगणात आलेल्याला उपाशी धाडलं न्हाई कधी. आन आमच्या वजनाला हिरवा ठिपका हुता. ते गेले त्याच्या तिसऱ्या दिशी मी ते हिरीत टाकलं. आजपत्तूर कुणाला बोललो न्हाई. तुमाला बोललो.”

 आणि तेव्हा मला ती चापट आठवली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. दादा जेवायला गेले होते, पाटलांच्या घरचा गडी गूळ घ्यायला आला. मी ऐटीत तराजू उचलला आणि हाताला आलं ते लाल ठिपक्याचं वजन टाकलं. दादा दारातून धावत आले, गडी जाईपर्यंत गोड हसले आणि मग माझ्या कानाखाली वाजवली. आयुष्यात तेवढं एकदाच. “पूजेचं वजन आहे ते!” म्हणाले. तीस वर्षं मी ती चापट देवाच्या नावावर जमा करून ठेवली होती. मी गूळ जास्त दिला होता, एवढंच त्यांचं दुखणं होतं.

“तुम्हांला पहिल्याच दिवशी कळलं?”

“हातात घेतल्या घेतल्या.”

“मग तिथंच का नाही सांगितलंत? चार वर्षं मूठ टाकत राहिलात. लोकांनी काल तुम्हांला चोर म्हटलं!”

अप्पांनी वजन माझ्याकडं सरकवलं. “तुमी म्हणला, वडलांचं हाय. म्हणताना तुमचा चेहरा बगितला मी. तेवढ्या दुकानभर लोकात तुमाला काय सांगू? मूठभर डाळीनं निभतंय तर निभू द्यावं म्हटलं.”

मला रडू आलं. भर दुपारी वाण्याच्या दुकानात, शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून मी पदर तोंडाला लावून रडले. अप्पा पाठ फिरवून उगाचच बरण्या पुसत राहिले. मी ज्या दोन वाण्यांची गिऱ्हाइकं तोडली, तेही खरेच होते. पण रडू त्यांच्यासाठी नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर कपाळाला आठ्या घातलेली एक बाई उभी होती.

पुढच्या रविवारी मी सावरगावला गेले. भावाकडं उतरले नाही. धोंडामावशीचं घर गावाच्या कडेला होतं, पत्र्याचं. ती दारात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हात तेवढे अजून कामाचे. शेंगा फोडत होती.

“कोन हाय?”

“प्रमिला. दुकानदाराची.”

“आगं बया! ये की. हुरडा न्हाई आता द्यायला.”

मी पिशवीतून ज्वारी काढून तिच्यापुढं ठेवली. निघायच्या आधी घरी तोलली होती. दोन किलो, लाल ठिपक्याच्या वजनानं. ते वजन पारड्यात टाकून कुणाला जाणूनबुजून काही देण्याची ती पहिलीच वेळ होती.

“दोन किलो ज्वारी आहे, मावशी. तुझ्यासाठी आणली.”

धोंडामावशीनं पिशवी दोन्ही हातांनी उचलली. जरा वर केली, खाली केली. तिच्या कपाळावर त्याच जुन्या आठ्या उमटल्या.

“दोन किलो न्हाई ही. जास्त हाय.”

“असू दे.”

“असू दे कसं? माज्या हाताला कळतंय की.” तिनं पिशवी खाली ठेवली, पण हात वर काढून घेतला नाही. न दिसणारे डोळे माझ्याकडं रोखून विचारलं, “वाण्याची लेक तू. जास्त देतीस ते कशापायी? काय हाय मनात तुज्या?”

एसटीत सगळी वाट मी शब्द जुळवत आले होते. दादांचं नाव घ्यायचं, वजन पुढं ठेवायचं, पाया पडायचं. त्यातलं एकही तोंडातून निघेना. पिशवीत तळाशी ते वजन होतं, मी वरूनच चाचपलं.

“काही नाही, मावशी,” मी म्हणाले. “माझ्याच हाताची चूक झाली असेल.”

 मग तिनं बोटांनी पिशवीचं तोंड शोधलं, आत हात घातला, मूठभर ज्वारी बाहेर काढली आणि माझा पदर चाचपत त्यात टाकली.

“मग ही तुजी घिऊन जा,” ती म्हणाली. “मला जास्तीचं नगं.”